मोठ्या खाड्यानंतर: स्ट्रेचिंग आणि ध्यान रोजच्या व्यायामात पुन्हा कसं बसवावं

स्ट्रेचिंग आणि ध्यान पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यापेक्षा, ते मध्येच सोडून परत येणाऱ्याची अडचण वेगळी असते. नवख्याला काहीच ठाऊक नसतं, म्हणून तो सांगितलं तेवढंच करतो. परत येणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, आणि घोटाळा तिथेच होतो. पूर्वी वाकल्यावर तळवे जमिनीला टेकायचे, वीस मिनिटं ध्यानाची बैठक मोडत नसे, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. शरीराने मात्र ते केव्हाच सोडून दिलेलं असतं. मग पहिल्या दिवशी तळवे टेकवायचा हट्ट, दुसऱ्या दिवशी मांडीच्या मागे चमक, वीस मिनिटांच्या बैठकीतली पंधरा मिनिटं घड्याळाकडे लक्ष, आणि चौथ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

तेव्हा तंत्र जुनंच वापरा, ते फारसं विसरलेलं नसतं. माप मात्र आजच्या शरीराचं घ्या. खाली दिलेले आकडे पूर्वी नियमित करणाऱ्याला हास्यास्पद वाटतील इतके छोटे आहेत. ते मुद्दाम तसे ठेवले आहेत.

पहिला आठवडा: दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही

दोन मिनिटं अंग गरम करायला, चार मिनिटं ताण द्यायला, तीन मिनिटं बसायला. उरलेलं एक मिनिट मॅट पसरण्यात आणि उशी शोधण्यात जातंच. ताणाचे प्रकार फक्त दोन: एक जांघेच्या पुढच्या भागाचा, दुसरा मांडीच्या मागच्या भागाचा. प्रत्येक बाजूला ३० सेकंद, दोन फेऱ्या.

क्रम बदलू नका: आधी अंग हलवायचं, मग ताण, मग बैठक. खुबे आखडलेले असताना मांडी घालून बसलं की गुडघे वर राहतात, कंबर मागे गोल होते, आणि पाचव्या मिनिटाला ध्यान श्वासाचं न राहता पाठीचं होतं. ताणाने खुबे थोडे सुटले की तीच बैठक निम्म्या कष्टात जमते. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवण्याचं खरं कारण हे आहे. केवळ वेळ वाचवायला त्या जोडलेल्या नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात ताण तेवढाच, बैठक पाच मिनिटं. तिसऱ्यात बैठक तेवढीच, ताणाचे आणखी दोन प्रकार. चौथ्यात ताण तेवढाच, बैठक आठ मिनिटं. पाचव्यात छातीचा आणि पाठीच्या वरच्या भागाचा ताण, सहाव्यात बैठक दहा मिनिटं. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची. दोन्ही एकदम वाढवल्या आणि गाडं अडलं, तर कशामुळे अडलं ते कळत नाही. आठ आठवड्यांनंतर बहुतेकांना एकूण २० ते २५ मिनिटं पुरेशी होतात. त्यापुढे वेळ वाढवावीच असं काही नाही.

वेळ घड्याळावर नको, कशाच्या तरी मागे लावा

‘सकाळी सहा वाजता’ हा नेम एक दिवस उशिरा उठलात की मोडतो. ‘दात घासून झाले की मॅट’ हा नेम सहाला उठा नाहीतर साडेसातला, टिकतो. रोज न चुकता होणारी एखादी गोष्ट निवडा आणि हे काम तिच्या लगेच मागे लावा. मध्ये फोन येऊ देऊ नका. टायमर फोनवरच असेल तर तो आदल्या रात्रीच लावून, बाकीच्या सूचना बंद करून ठेवा. मॅट गुंडाळून कपाटात न ठेवता नजरेसमोर ठेवली तर पहिल्या दोन आठवड्यांत तिचा उपयोग गजरापेक्षा जास्त होतो.

सकाळ निवडणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळायची. झोपेत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी उंची किंचित जास्त भरते ती त्यामुळेच. त्या अवस्थेत उठल्या उठल्या खोल पुढे वाकलं की गाद्यांवर आणि त्यांच्याभोवतीच्या अस्थिबंधांवर एरवीपेक्षा जास्त ताण येतो. म्हणून उठल्यापासून पहिला अर्धा-पाऊण तास उभं राहून पायाचे अंगठे धरणं, बसून गुडघ्याला डोकं लावणं, हे टाळा. मांडीच्या मागचा ताण पाठीवर झोपून दिला तर कंबर जमिनीला टेकलेली राहते आणि ही अडचण येत नाही. संध्याकाळी शरीर मुळातच मोकळं असतं, पण डोळ्यांवर पेंग असते. भरपेट जेवणानंतर दोन तास तरी दोन्ही गोष्टी नकोत.

व्यायामाच्या आधी की नंतर

वजन उचलण्याच्या, पळण्याच्या किंवा खेळण्याच्या दिवशी स्थिर ताण, म्हणजे एका जागी धरून ठेवलेला ताण, व्यायामानंतर द्या. व्यायामाआधी पाय झुलवणं, हात फिरवणं, चालता चालता गुडघे उचलणं, हलक्या उठाबशा असं हलतं वॉर्म-अप हवं. एकच स्नायू मिनिटाहून जास्त वेळ ताणून धरला तर त्याची ताकद आणि झटक्यात जोर लावण्याची क्षमता थोड्या वेळासाठी घटते. वीस-तीस सेकंदांच्या ताणाने, आणि त्यामागून नीट वॉर्म-अप केलं तर, फारसा फरक पडत नाही. तेव्हा एखादा आखडलेला भाग आधी थोडा सोडवून घेतला म्हणून घाबरायला नको.

व्यायामाच्या दिवशी अंग आधीच गरम असतं, त्यामुळे वॉर्म-अपची दोन मिनिटं वाचतात. ताण देता देता श्वास उतरतो, घाम वाळतो, आणि बसायच्या वेळी छाती धडधडत नसते. घामाने भिजलेला शर्ट मात्र बदला. अंगावर गार पडणारा ओला कपडा दहा मिनिटं स्वस्थ बसू देत नाही.

स्ट्रेचिंगकडून नको ती अपेक्षाही ठेवू नका. जोरदार व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, ते ताण दिल्याने कमी होतं हा समज जुना आणि चिवट आहे. प्रत्यक्षात फरक पडला तरी तो जाणवू नये इतका छोटा असतो. आणि लवचिकता फक्त ताणानेच येते असंही नाही. पूर्ण पल्ल्यात, म्हणजे सांधा जाईल तिथपर्यंत केलेल्या उठाबशा, एक पाय पुढे टाकून पूर्ण खाली उतरणारे लंज, हे ताकदीबरोबर पल्लाही वाढवतात. तुमच्या व्यायामात ते असतील तर त्या भागांचा ताण एका फेरीवर आणायला हरकत नाही.

ताण किती द्यायचा

शून्य म्हणजे काहीच जाणवत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, असं धरलं तर चार-पाचवर थांबायचं. सगळ्यात भरवशाची खूण श्वास आहे. ताणात असताना नाकाने सावकाश, न अडखळता श्वास सोडता येत नसेल, जबडा आवळला जात असेल किंवा भुवया जवळ येत असतील, तर तुम्ही सातवर आहात. थोडं मागे या.

पहिले आठ-दहा सेकंद स्नायू विरोध करतो. स्नायूच्या आत त्याची लांबी आणि ती बदलण्याचा वेग टिपणारे संवेदक असतात. लांबी झपाट्याने वाढली की ते स्नायूला आकसण्याचा निरोप पाठवतात. हिसके देऊन, झोके घेऊन ताणलं तर हाच विरोध पुन्हा पुन्हा जागा होतो. म्हणून सावकाश आत जा, थांबा, आणि आपसूक सैल पडलं तेवढंच पुढे सरका. बाहेर येतानाही सावकाश. ताण देताना काही न होता बाहेर येताना उसण भरते, ती झटक्याने उठल्यामुळे.

एका स्नायूला एका दिवसात एकूण साठ सेकंद मिळाले की पुरे: ३० सेकंद दोनदा, किंवा १५ सेकंद चारदा. साठीच्या पुढच्यांनी एक ताण ३० ते ६० सेकंद धरावा, त्यांना त्याचा जास्त उपयोग होतो.

परत येणाऱ्यांसाठी इथे एक सापळा आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पल्ला भराभर वाढतो. तो स्नायू लांब झाला म्हणून नव्हे. मज्जासंस्थेला तेवढा ताण पुन्हा सहन व्हायला लागतो, मुख्यतः त्यामुळे. वाटतं, आलं सगळं परत. आणि बाराव्या-तेराव्या दिवशी जुन्या मापापर्यंत खेचलं जातं. मांडीच्या मागचा स्नायू धरतो तो बहुधा अशाच दिवशी.

अंग गरम करणं

दोन्ही हात आणि गुडघे जमिनीवर टेकून पाठ वर गोल करा, मग खाली सोडा: श्वासागणिक एकदा, अशा आठ-दहा वेळा. मनगटं दुखत असतील तर मुठींवर किंवा कोपरांवर या. नंतर उभं राहून एकेक गुडघा छातीकडे, दहा-दहा वेळा. पाय पुढे-मागे झुलवणं, दहा-दहा वेळा. थंड अंगावर थेट ताण नको, एवढंच.

जांघेचा पुढचा भाग

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचा हा भाग सगळ्यात आधी आखडतो, आणि हा ताण सगळ्यात जास्त चुकतो. उजवा गुडघा घडी घातलेल्या टॉवेलवर टेका. डावं पाऊल पुढे ठेवा, डावा गुडघा घोट्याच्या बरोबर वर. आता लगेच पुढे झुकू नका. आधी उजवा कुल्ला आवळा आणि माकडहाड खाली व आत घ्या, म्हणजे ओटीपोटाचा पुढचा भाग वर उचलला जाईल. नव्वद टक्के काम इथेच होतं. बऱ्याच जणांना एवढ्यानेच उजव्या जांघेत ओढ जाणवते. ही स्थिती न मोडता तीन ते पाच सेंटीमीटर पुढे सरका, उजवा हात वर करा, हवं तर किंचित डावीकडे कला. तीस सेकंद. मग बाजू बदला.

चूक कशी ओळखायची? पुढे खूप जाता येतंय पण ओढ मात्र कंबरेत लागते, याचा अर्थ ओटीपोट पुढे कललं आणि कंबरेला बाक आला. स्नायू तसाच राहिला, दाब मणक्यांवर गेला. मागे या आणि कुल्ला पुन्हा आवळा. गुडघ्याची वाटी दुखत असेल तर टॉवेलची आणखी एक घडी घाला आणि वजन वाटीवर न ठेवता तिच्या थोडं वर, मांडीच्या टोकावर आणा. तरीही दुखलं तर हाच ताण उभ्याने, पाय पुढे-मागे ठेवून द्या.

मांडीचा मागचा भाग

पाठीवर झोपा. डावा गुडघा वाकवून पाऊल जमिनीवर. उजव्या पावलाच्या तळव्याखालून पट्टा किंवा लांब टॉवेल घ्या आणि पाय वर उचला. गुडघा पूर्ण सरळ असण्याची गरज नाही. दहा-पंधरा अंश वाकलेला चालेल. पाय हातांनी स्वतःकडे न ओढता खुब्यातून जवळ आणा. खांदे आणि मान जमिनीवर सैल. मांडीच्या मधल्या भागात, स्नायूच्या जाड पोटात ओढ जाणवली की तिथेच थांबा.

ओढ नेमकी कुठे लागते, याकडे लक्ष ठेवा. मांडीच्या मध्यावर जाड, बोथट ओढ असेल तर ती स्नायूची, हवी तीच. अगदी वर, बसताना टेकतं त्या हाडाजवळ बोचरं दुखत असेल तर तो स्नायू जिथे हाडाला जोडला जातो तिथल्या कंडरेचा त्रास. तिथे जास्त ताण दिला की कंडरा हाडावर दाबली जाऊन दुखणं वाढतं. अशा वेळी ताण बंद करा, त्या जागेला ताकदीचे हलके व्यायाम जास्त मानवतात. आणि गुडघ्यामागे किंवा पोटरीत मुंग्या, जळजळ, विजेसारखी रेघ येत असेल, पावलाची बोटं स्वतःकडे ओढली की ती वाढत असेल, तर ताण स्नायूला नसून नसेला, म्हणजे मज्जातंतूला बसतोय. नस धरून ताणायची नसते. गुडघा आणखी वाकवा, घोटा सैल सोडा, आणि त्या सीमेच्या अलीकडे पाय हळूहळू आत-बाहेर हलवा.

पाय आखडलेला असण्यापेक्षा नस चिडलेली असण्याचं प्रमाण लोकांना वाटतं त्याहून जास्त असतं. महिनोन् महिने ताणूनही मांडी ‘सुटत नाही’, तेव्हा आधी हे तपासा.

बाकीचे ताण

खुब्याच्या मागच्या भागासाठी: पाठीवर झोपून उजवा घोटा डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या थोडा वर ठेवा. उजवं पाऊल आवळून नव्वद अंशात ठेवा, मग डावी मांडी दोन्ही हातांनी छातीकडे घ्या. ओढ उजव्या कुल्ल्यात यायला हवी. गुडघ्यात आली तर थांबा. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा वाकतो, पिळायचं काम खुब्याचं. हाच नियम मांडी घालून बसतानाही लागू: वर राहिलेला गुडघा हाताने खाली दाबू नका.

पोटरीसाठी भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीवर, पाऊल सरळ पुढे. बोटं बाहेर वळली की तळव्याची कमान खचते आणि ताण निसटतो. गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद, मग तोच गुडघा वाकवून ३० सेकंद. दोन्ही लागतात, कारण पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो आणि खालचा त्याच्या खालून. गुडघा वाकवला की वरचा सैल पडून ओढ खालच्यावर येते. पळणाऱ्यांनी दुसरा भाग गाळू नये.

छातीसाठी दाराच्या चौकटीला हाताचा कोपरापुढचा भाग टेका, कोपर खांद्याहून थोडं खाली, आणि एक पाऊल पुढे टाका. बोटांत मुंग्या आल्या तर कोपर आणखी खाली घ्या. पाठीच्या वरच्या भागासाठी कुशीवर झोपून, गुडघे वाकवून एकावर एक ठेवा आणि वरचा हात पुस्तक उघडावं तसा मागे नेत छाती वळवा. प्रत्येक बाजूला आठ वेळा. मान हातांनी ओढण्याची गरज नाही, कान खांद्याकडे कलवून डोक्याचंच वजन पुरतं.

बैठक

एकच कसोटी: खुबे गुडघ्यांपेक्षा उंच हवेत. बहुतेकांना त्यासाठी १० ते १५ सेंटीमीटर उंचीची घट्ट उशी लागते. मऊ उशी बसताच निम्मी होते, त्यापेक्षा घट्ट घडी केलेली चादर बरी. उशीच्या मध्यावर न बसता पुढच्या तिसऱ्या भागावर बसा, म्हणजे ओटीपोट आपोआप किंचित पुढे कलतं आणि पाठ ताठ ठेवायला जोर लावावा लागत नाही. गुडघे हवेत लोंबत असतील तर त्यांच्याखाली टॉवेल द्या. हात मांडीवर, इतके मागे की खांदे पुढे ओढले जाणार नाहीत. हनुवटी किंचित आत.

खुर्ची ही हलकी पायरी नाही, पूर्ण बैठक आहे. पावलं जमिनीवर सपाट, खुर्चीच्या पुढच्या निम्म्या भागावर बसायचं. पाठ दुखत असेल तर कंबरेमागे उशी लावून टेका. झोपून करायचंच असेल तर गुडघे उभे ठेवा. डुलकी लागली की ते एका बाजूला पडतात आणि तुम्हाला जाग येते.

पाय बधिर होणं बहुतेक वेळा नसेवर आलेल्या दाबामुळे असतं. बैठक सोडल्यावर मिनिटाभरात संवेदना परत आली तर काळजीचं कारण नाही. पण पायात जीव येण्याआधी उठू नका. बधिर घोटा लचकतो आणि चूक कळायच्या आत माणूस पडतो. कुठला पाय पुढे, ते रोज आलटून पालटून ठेवा. बधिरपणा बराच वेळ राहत असेल तर खुर्ची घ्या.

तीन मिनिटांत काय करायचं

हळू आवाजाचा टायमर लावा. पहिले तीन श्वास मुद्दाम लांब: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. श्वास सोडताना हृदयाची गती जराशी मंदावते, त्यामुळे लांब उच्छ्वासाने शरीर लवकर निवतं. चौथ्या श्वासापासून लांबीचा नाद सोडा. श्वास जसा येतो तसा येऊ द्या.

आता लक्ष ठेवायला एकच जागा निवडा: नाकपुडीच्या कडेला लागणारा गार-कोमट स्पर्श किंवा पोटाचं वर-खाली होणं. एका बैठकीत जागा बदलायची नाही. प्रत्येक उच्छ्वासाला मनात एक आकडा, एक ते दहा, मग पुन्हा एक. आकडा चुकला, अठरावर पोहोचलात किंवा मोजणंच राहून गेलं, तर स्वतःला न रागावता एकपासून.

पहिल्या आठवड्यात दहापर्यंत एकदाही पोहोचला नाहीत तरी काही बिघडत नाही. भरकटणं, ते लक्षात येणं आणि परत येणं, यातलं मधलं पाऊल म्हणजे कसरत. लक्षात येतं, तोच क्षण सरावाचा. बैठकीत मन एकदाही हललं नाही असं सांगणारा बहुधा पेंगत असतो.

जुन्या चांगल्या बैठकांची आठवण ही परत येणाऱ्याची खास अडचण. ‘तेव्हा कसं शांत वाटायचं’ हाही एक विचारच. त्याला ‘आठवण’ असं मनात नाव द्या आणि आकड्याकडे या. कामांची यादी डोक्यात सुरू होत असेल तर बसण्याआधी दोन मिनिटं ती कागदावर उतरवा. कागदावरचं विसरायची भीती नसते.

डुलक्या येत असतील तर डोळे अर्धवट उघडे ठेवून मीटरभर पुढे जमिनीवर नजर टेकवा, तरीही येत असतील तर उभ्याने करा. त्याने भागलं नाही तर अडचण ध्यानाची नसून झोपेची आहे, ती रात्री सोडवा. श्वासाकडे लक्ष गेलं की श्वास कृत्रिम होतो, छातीत दाटतं, असं काहींना होतं; त्यांनी श्वास सोडून तळपायांचा जमिनीला लागणारा स्पर्श किंवा आजूबाजूचे आवाज धरावेत. भराभर खोल श्वास घेऊ नका. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आणि लोक त्यालाच प्रगती समजतात.

बैठकीत भीती दाटून आली, जुना धक्का जिवंत झाला, तर रेटू नका. डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तू मनात मोजा, उठून चाला. पॅनिकचे झटके, तीव्र नैराश्य, भ्रम किंवा उन्माद यांचा इतिहास असेल तर बैठक वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

खाडा पडला तर

पडणारच. नव्याचे नऊ दिवस संपले की दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर पहिला खाडा येतो, असं समजूनच चाला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावायला सांगून १२ आठवडे नोंदी ठेवल्या. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ६६ निघाला, आणि व्यक्तीगणिक अंदाज १८पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तेव्हा ‘एकवीस दिवसांत सवय’ हा हिशेब सोडा, आणि एक खाडा पडला म्हणून वही फाडू नका.

चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून करू नका. दुखापत आणि कंटाळा दोन्ही तिथून येतात. अडचणीच्या दिवसासाठी दोन मिनिटांचं रूप ठरवून ठेवा: जांघेचा ताण प्रत्येक बाजूला ३० सेकंद, आणि जागच्या जागी दहा श्वास मोजणं. ते केलं की दिवस धरला. आठवडाभर खंड पडला तर एक पायरी मागे. दोन आठवड्यांहून जास्त पडला तर पहिल्या आठवड्याच्या मापापासून, पण प्रत्येक पायरीवर सात दिवसांऐवजी तीन. तापात ताण नको. ताप उतरल्यावर एक पायरी मागून.

कोणी आधी विचारावं

स्नायू नुकताच फाटला असेल, कंबरेतून कळ गुडघ्याखाली उतरत असेल, खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय वरचं काही सुरू करू नका. हाडं ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून पुढे वाकू नये. काचबिंदू असणाऱ्यांनी डोकं खाली जाईल अशा स्थिती टाळाव्यात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सांधे सैल असतात, पल्ल्याच्या टोकापर्यंत जाऊ नये. ज्यांची कोपरं आणि गुडघे मुळातच उलटे वाकतात त्यांना आणखी ताण नको, ताकद हवी. त्यांनी ताणाची चार मिनिटं हलक्या वजनाच्या व्यायामाला द्यावीत.

मोजायचं काय

बैठकीचं फक्त दोन शब्दांत टिपा: किती मिनिटं, आणि पेंग होती की नव्हती. किती शांत वाटलं याला गुण देऊ नका, कारण दुसऱ्या दिवशी बसताना लक्ष त्या गुणांकडेच जातं.

लवचिकता मात्र सेंटीमीटरमध्ये मोजता येते. भिंतीसमोर पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा, आणि टाच टेकलेली राहील तोवर पाऊल मागे सरकवत जा. अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. दहा सेंटीमीटरच्या आसपास आलं की घोटा चांगला मोकळा आहे. मांडीच्या मागच्या भागासाठी पाठीवर झोपून सरळ पाय किती अंशांपर्यंत उठतो, हे कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगून पाहा. दोन्ही मोजमापं दर दोन आठवड्यांनी, एकाच वेळेला करा, कारण सकाळचं आणि संध्याकाळचं शरीर सारखं नसतं. घोट्याच्या मापात डाव्या-उजव्यात दोन सेंटीमीटरहून जास्त फरक दिसला तर कमी बाजूला पोटरीची एक फेरी जादा, फरक मिटेपर्यंत.